एका वहीतून दुसऱ्या वहीत

आप्पांचं कोणी कौतुक केलं की अजूनही माझ्या पोटात दुखतं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मीही पेन्शनीत निघून म्हातारा झालो, पण हे दुखणं काही गेलं नाही. परवाच माधवनगरात एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या रेकॉर्डरूममध्ये ते आप्पा होते ना? क्या आदमी था साहेब!" मी "हो हो" म्हणालो आणि आलेली जिलबी परत पाठवली. जिलबी मला आवडते.

आप्पा हे त्यांचं नाव नव्हे. सगळी कचेरी त्यांना आप्पा म्हणायची, हिंदीवाले आप्पाजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. उज्जैनच्या एका सरकारी कचेरीत, जमिनीच्या कागदांच्या खोलीत, आम्ही दोघं कारकून होतो. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. दोघांचीही घराणी संस्थानच्या चाकरीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली, त्यामुळे दोघांनाही मोडी वाचता यायची. फरक इतकाच की मी बी. ए. होतो, मला टंकलेखन यायचं, माझं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि मला माझी किंमत ठाऊक होती. आप्पा मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग कोणीतरी फुंकर मारून उधळल्यासारखं.

संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, आणि थोड्याच वर्षांत तोही मोडून मोठा मध्य प्रदेश होणार अशी चिन्हं दिसू लागली. त्या धांदलीत वरून हुकूम आला की जुन्या जमीनवह्या नव्या नमुन्यात उतरवून काढा. ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या वह्या मोडीत, आणि माणसांच्या नावांनी लावलेल्या: अमक्याची कुठे कुठे काय जमीन. नव्या वह्या हिंदीत, आणि शेतांच्या नंबरांनी लावायच्या: अमुक नंबरात कोणाकोणाचा काय हक्क. म्हणजे एका पानावर सुखानं नांदत असलेल्या माणसाचे बारा तुकडे करून बारा पानांवर ठेवायचे, आणि वाटेत एकही तुकडा सांडायचा नाही. नवं राज्य सुरू व्हायच्या आत काम संपवून जुन्या वह्यांना सील ठोकायचं आणि त्या दूरच्या कोठारात पाठवून द्यायच्या. त्यानंतर कोणाचं काय, हे फक्त नवी वही सांगणार. नव्या वहीत जे उतरलं नाही ते गेलं.

आणि आमच्या साहेबांनी उघडच सांगितलं होतं की हे काम जो पार पाडील तो नव्या रेकॉर्डरूमचा अधीक्षक होईल. ती खुर्ची मला हवी होती. घरी बायकोला मी सांगूनही टाकलं होतं. तिनं शेजारी सांगितलं होतं.

साहेबांनी काम आप्पांना दिलं.

तेव्हापासून मी त्यांना पाण्यात पाहू लागलो. माणसाचा हेवा वाटू लागला की तो माणूस आपल्याला पाठ होतो. मला आप्पा पाठ आहेत. त्यांच्याकडे दोन चष्मे असायचे, दोन्ही एकाच नंबराचे. एक जुन्या वह्यांसाठी, एक नव्यांसाठी. एकाच चष्म्यानं दोन्ही पाहिलं तर डोळा लबाडी करतो, जुन्यात नसलेलं दिसायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. जेवताना वरणभातावरसुद्धा शेव घालायचे. रागावले की हिंदी, लाडात आले की मराठी, आणि शेताचे नंबर मात्र नेहमी माळवी हेल काढून म्हणायचे. जीभ लावून पान उलटणारा माणूस दिसला की त्याच्यासमोर पाण्याची वाटी नेऊन ठेवायचे, काही न बोलता. वह्यांच्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली असायची, त्यामुळे कपाट उघडायचं म्हणजे आधी सदऱ्याची बटणं काढायची. समोर मोठे अधिकारी असोत की पक्षकार, बटणं निघायचीच.

काम हातात आल्यावर त्यांनी पहिले तीन महिने एक अक्षर उतरवलं नाही. नुसते वाचत बसले. आम्ही दहा-बारा कारकून कोऱ्या वह्या घेऊन तयार, आणि हे आपले पानं चाळताहेत, मध्येच उठून शिपायाला विचारताहेत, "तुमच्या गावात विहिरीला विहीरच म्हणतात की बावडी?" साहेब घायकुतीला आले. मी मनातून खूश. मी असतो तर एव्हाना चार गावं उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवली असती, असं मी जरा मोठ्यानं म्हणत असे.

तीन महिन्यांनी त्यांनी नमुन्यादाखल एक गाव निवडलं. कोणीही शहाणा माणूस सोपं गाव घेईल. आप्पांनी सबंध तालुक्यातलं सगळ्यात गुंत्याचं गाव घेतलं, जिथे एका शेतात सतरा वारस आणि त्यातल्या निम्म्यांचं नाव एकच. ते उतरवून झालं. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ज्यांनी जुनी वही पाहिलीच नव्हती अशा दोन कारकुनांना नवी वही दिली आणि सांगितलं, यावरून जुनी वही परत तयार करा. आठ दिवसांनी ती परत तयार केलेली वही खऱ्या जुन्या वहीशेजारी ठेवली. एक विहीर नाहीशी झाली होती. एका मेलेल्या माणसाच्या नावावर पाच बिघे चढले होते. दोघा चुलतभावांचा मिळून एकच माणूस तयार झाला होता.

साहेब संतापले. "आप्पाजी, ये क्या तमाशा है? तीन महीने में एक गाँव, वो भी गलत!"

आप्पांचा चेहरा उजळलेला. "साब, गलत हुआ ना! अब मालूम पड़ा कहाँ कहाँ गलत होता है." आणि त्यांनी सगळ्या खोलीला जिलबी-पोहे मागवले. मुलगा झाल्यासारखे. मीही खाल्ले. आपल्या अपयशाचे पेढे वाटणारा हा कोण माणूस, असं म्हणत मी घरी गेलो आणि बायकोपुढे बराच वेळ त्यांची नक्कल केली. ती म्हणाली, "तुम्ही जेवायला बसलात की ते शेजारच्या पाटावर येऊन बसतातच."

त्या एका गावाच्या चुकांवरून त्यांनी पुढचे सगळे नियम केले. उतरवायच्या आधी जुन्या वहीची शिवण उसवायची, कारण पूर्वीचे कारकून जागा संपली की शिवणीच्या दुमडीत लिहायचे. कळलं नाही तिथे वहीतलं घर कोरं सोडायचं. "रिकामं घर खोटं बोलत नाही," हे त्यांचं वाक्य दिवसातून दहादा कानावर पडे. आणि उतरवणं चालू असेपर्यंत जुन्या वहीत एक टिंबसुद्धा नवं पडता कामा नये. मधल्या काळात कोणी मेलं, कोणी जमीन विकली, तर ते एका तिसऱ्याच वहीत. तिला ते वाटेतली वही म्हणत. एकदा एक बडा पाटील मिश्या पिळत आला की माझं नाव आजच्या आज चढवा. आप्पा त्याला म्हणाले, "पटेल साब, आपका नाम अभी रास्ते में है. पहुँच जाएगा." पाटील बिचारा आपलं नाव कुठल्या रस्त्यावर आहे ते विचारत खोलीभर फिरला.

उतरवायला माणसं नेमली तेव्हा मी पहिला उभा राहिलो. माझ्या अक्षराची सगळ्या कचेरीत ख्याती. आप्पांनी माझा कागद हातात घेऊन निरखला, आणि परत दिला. "नको. तुझं अक्षर इतकं सुरेख आहे की चूकसुद्धा खरी वाटते. ज्याचं अक्षर वाईट, त्याचं लिहिलेलं लोक दोनदा वाचतात."

इतक्या वर्षांत माझ्या अक्षराला कोणी नाव ठेवलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्यांनी स्वतः मात्र, त्या उधळलेल्या मुंग्यांच्या अक्षरात, बरीच गावं आपल्या हातानं उतरवायला घेतली.

मला त्यांनी पडताळणीला ठेवलं. पडताळणी म्हणजे जोडीचं काम: एकानं जुनी वही मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं नवीवर बोट ठेवून ऐकायचं, आणि पान मिळालं की दोघांनी खाली सही करायची. जोड्या कशा लावायच्या? आप्पांनी आठवडाभर शिपायांकडे चौकशी केली की कचेरीत कोणाचं कोणाशी पटत नाही. आणि नेमक्या त्याच जोड्या लावल्या. एकाच्या मुलीचं स्थळ दुसऱ्यानं नाकारलं होतं, ते दोघं एका टेबलावर. एकाच भिंतीवरून कज्जा चाललेले दोन शेजारी दुसऱ्या टेबलावर. मित्र एकमेकांच्या चुकांकडे कानाडोळा करतात, वैरी करत नाहीत, हा हिशेब. चूक सापडली की ती चूकवहीत जायची. तिला चार रकाने: पान कोणतं, चूक काय, कोणाची, कोणी पकडली. चूक करणाऱ्याला ते चकार शब्द बोलत नसत. पकडणाऱ्याचं नाव मात्र स्वतः लिहायचे, ठळक.

त्या खोलीत इतका उत्साह मी कधी पाहिला नव्हता. एकमेकांच्या चुका शोधायला माणसं वेळेआधी येऊन बसायला लागली. स्थळ नाकारलेल्या दोघांची तर महिन्याभरात चक्क मैत्री झाली. ते दोघं एका बशीतून चहा पिताना आप्पांना दिसले, आणि त्यांनी त्याच दिवशी जोडी फोडली. "अब आप लोग काम के नहीं रहे," म्हणाले. कोणाला राग आला नाही. त्यांच्या बोलण्याचा कोणाला रागच येत नसे, माझ्याखेरीज.

आणि माझी जोडी? आप्पांनी माझी जोडी स्वतःशी लावली.

"का?" मी विचारलं. मला वाटलं होतं, माझ्या मनातलं त्यांना कळलेलं नाही.

"माझ्या चुका तुझ्याइतक्या हौसेनं कोण शोधणार?" ते म्हणाले, आणि जुन्या वहीचा चष्मा मला देऊन नव्या वहीचा आपण लावला.

पुढचे नऊ महिने मी त्यांच्यासमोर बसून वाचलं. रोज सकाळी घरून निघताना मला वाटायचं, आज सापडेल. आज असं काही सापडेल की साहेबांना कळेल काम कोणाला द्यायला हवं होतं. बारीकसारीक सापडायचं: एखादा नंबर उलटा, एखादं बापाचं नाव अर्धं. ते खुशीत चूकवहीत माझं नाव घालायचे. या किरकोळ चुकांवर माझं समाधान नव्हतं. मी खार खाऊन वाचत होतो, आणि खरं सांगतो, त्यामुळे माझं वाचन कमालीचं चांगलं झालं होतं. एका लयीत, न अडखळता, न थांबता.

मग भैरवगढची वही आली. भैरवगढ म्हणजे छिप्यांची वस्ती, कापडावर ठसे उमटवणारे आणि रंगवणारे लोक. नदीच्या काठाला एक लांबट पट्टी आहे, तिथे ते कापड धुतात आणि वाळत घालतात. जमीन सरकारी. पानावर तितकंच होतं: पडीत, सरकारी. पण शिवण उसवलेली होती, आणि आत दुमडीत, दुसऱ्याच कोणाच्या हातची एक उभी ओळ मला दिसली. ही पट्टी छिप्यांना धुण्यावाळवण्यास मोकळी ठेवावी, अन्य कोणास देऊ नये. खाली शिक्क्याची खूण.

मी नव्या वहीकडे नजर टाकली. आप्पांच्या हातचं पान. पडीत, सरकारी. पुढे काही नाही. दुमडी तपासा म्हणून साऱ्या खोलीला सांगत फिरणाऱ्या माणसानंच दुमडी पाहिली नव्हती.

मी थांबलो. फार नाही, एखाद्या श्वासापुरता. "हं," समोरून आप्पा म्हणाले, आणि मी पुढची ओळ वाचली. पान संपलं. दोघांनी खाली सही केली.

मी गप्प का बसलो हे मला तेव्हाही स्पष्ट ठाऊक होतं. चूकवहीतली आणखी एक ओळ मला नको होती. महिन्याअखेर होणाऱ्या नव्या राजधानीहून मोठे अधिकारी तपासणीला यायचे होते, त्यांच्यापुढे सगळ्या कचेरीदेखत ते पान मला उघडायचं होतं. सही माझीही होती, पण त्याची सोय मी करून ठेवली होती. म्हणणार होतो की काल सहज पुन्हा चाळताना दिसलं. त्याच पट्टीसाठी एका वीटभट्टीवाल्याचा अर्ज कचेरीत पडून होता, हेही मला माहीत होतं. ओळ उतरायची राहिली तर पट्टी त्याला मिळणार आणि छिप्यांनी कापड कुठे धुवायचं हे कोणी विचारणार नाही. पण मी तर शेवटच्या दिवशी सांगणारच होतो. स्वतःची अशी समजूत घालून मी तीन आठवडे व्यवस्थित जेवलो.

त्याच तीन आठवड्यांत एक म्हातारा छिपा कचेरीत आला. कोपरापर्यंत हात निळे. आप्पा जागेवर नव्हते, म्हणून माझ्याकडे आला. "बाबूजी, सुना है पुरानी किताबें बंद हो रही हैं. हमारी नदीवाली पट्टी नई किताब में चढ़ गई ना?"

"चढ़ गई बाबा," मी म्हणालो. "आप घर जाओ, फिकर मत करो."

त्यानं दोन्ही हात वर करून मला आशीर्वाद दिला. मी टेबलाशी येऊन समोरचा कागद ओढला, पण बराच वेळ मला काही वाचताच येईना.

आप्पांचंही त्या दिवसांत काहीतरी बिनसल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं लोक वही उघडायच्या ऐवजी आप्पांना विचारायचे. कुठल्याही गावातलं कुठलंही शेत विचारा, त्यांना तोंडपाठ. आता एकाएकी त्यांनी सांगणंच बंद केलं. कोणी विचारलं की एकच उत्तर: "वही बघ." साहेबांनाही तेच, "साब, किताब देखिए." त्यांचे सख्खे मेहुणे देवासहून कामाला आले, उन्हातून, बैलगाडी करून. शेताचा नंबर विचारला. आप्पा म्हणाले, "भाऊजी, वही बघा." मेहुणे पाणीही न पिता परत गेले. त्या वर्षी भाऊबीजेला बहिणीनं निरोप पाठवला की ओवाळायचं कसं ते मी पुस्तकात बघून घेईन. कचेरीत लोक म्हणू लागले, आप्पाजींचं डोकं फिरलं कामानं. मीही म्हणालो. जरा जास्तच वेळा म्हणालो.

तपासणीचा दिवस उजाडला. जुन्या वह्या गाठोड्यांत बांधून भिंतीशी लावलेल्या, सील लावायला लाख तयार. मोठे अधिकारी मधोमध बसले, शेजारी आमचे साहेब, भोवती आम्ही सगळे. आप्पांनी बटणं काढून किल्ली सोडवली आणि नव्या वह्यांचं कपाट उघडलं. अधिकाऱ्यांनी इकडचं तिकडचं पाहिलं, माना डोलावल्या. आता सील लागणार, इतक्यात मी पुढे झालो. 

"साहब, एक मिनट. भैरवगढ़ का पन्ना देख लीजिए. नदीवाली पट्टी."

"क्यों, क्या बात है?"

"उसमें एक हक छूट गया है, साहब. पूरी बस्ती का. कल ही मेरी नज़र पड़ी."

 आमच्या साहेबांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी वही शोधली, पान उघडलं आणि अधिकाऱ्यांसमोर ठेवलं. मी वाकून पाहिलं. पडीत, सरकारी, आणि त्यापुढे लाल शाईत, त्या वेड्यावाकड्या अक्षरात, छिप्यांची सबंध ओळ. बाजूला चूकवहीचा आकडा.

अधिकाऱ्यांनी चूकवही मागवली. आकडा काढला आणि मोठ्यानं वाचलं. पान भैरवगढचं. चूक, दुमडीतली ओळ राहिली. चूक कोणाची, तिथे आप्पांचं नाव. कोणी पकडली, तिथे माझं. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

"अरे, ये तो आपने ही पकड़ी थी!" अधिकारी हसायला लागले. "और दुरुस्त भी हो गई. फिर आज दोबारा क्यों? अपनी तारीफ़ सबके सामने सुननी थी क्या?"

सगळी खोली हसली. साहेब हसले, शिपाई हसले, एका बशीतून चहा पिणारे दोघंही हसले. आप्पा तेवढे हसत नव्हते. ते लाखेचा दिवा पेटवत होते. अधिकाऱ्यांनी उठून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, पूरी बस्ती बचा ली आपने. मी "जी" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सीलं लागली. मग आमच्या साहेबांनी अधीक्षकाच्या जागेचा विषय काढला, आणि आप्पांकडे हात केला. आप्पांनी मान हलवली.

"मैं नहीं साब. भैरवगढ़ का पन्ना मुझे मुँहज़बानी याद था, इसलिए देखा ही नहीं और लिख दिया. मैं कुर्सी पर बैठा तो लोग किताब नहीं देखेंगे, मुझसे पूछेंगे, और मैं बता दूँगा. जिसे कुछ याद नहीं, उसको बिठाइए." आणि माझ्याकडे बोट केलं. "ये देखकर पढ़ता है."

ज्या खुर्चीसाठी मी दीड वर्ष जळत होतो, ती मला अशी मिळाली. टाळ्या वाजल्या. मला मान वर करवेना.

संध्याकाळी ते सायकलचं कुलूप काढत होते तेव्हा मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"आप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

"तू थांबलास ना." जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं. "नऊ महिने वाचताना तू कधी थांबला नव्हतास. त्याच संध्याकाळी मी जुनी वही उघडून पाहिली. ओळ होती. लगेच चढवली."

म्हणजे मी त्या म्हाताऱ्या छिप्याला खोटं सांगितलं तेव्हा ते खरंच होतं. माझं खोटंसुद्धा त्यांनी खरं करून ठेवलं होतं.

"पण मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. माझं नाव कशाला घातलंत?"

"आधी कोणाला दिसली? तुला. मग पकडणारा तूच. तिथे मी माझं नाव कसं लिहू?"

"आणि मी ती दाबून ठेवली, ते?" माझा आवाज चढला होता. "तीन आठवडे दाबली, तुम्हाला सगळ्यांदेखत खाली बघायला लावायचं म्हणून दाबली. ते का नाही लिहिलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, कीवही नव्हती. असती तर मी ती शोधून काढली असती.

"त्याला रकाना नाही," ते म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून गेले.

ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि भांडण मिटलं असतं. मला माफ केलं असतं, तर हा माणूस ढोंगी आहे असं जन्मभर स्वतःला सांगत मी सुखात राहिलो असतो. त्यांनी दोन्ही केलं नाही. मी त्या खुर्चीवर पंचवीस वर्षांहून जास्त बसलो. काम चोख केलं, कारण पाहिल्याशिवाय एक अक्षर कधी लिहिलं नाही. नवी वही चांगली चालली. आप्पा अजून दहा वर्षं माझ्या हाताखाली, माझ्यासमोरच्या टेबलावर कारकून म्हणून राहिले, मला सर्वांसमोर साहेब म्हणत राहिले, आणि कोणीही काही विचारलं तर वही बघ म्हणत राहिले. हळूहळू त्यांना कोणी विचारेनासं झालं. त्याचा त्यांना आनंद होत होता, हे मला सगळ्यात जास्त बोचायचं.

मी निवृत्त झालो तेव्हा सत्काराला भैरवगढहून छिपे आले होते. त्यांनी स्वतः छापलेली चादर माझ्या खांद्यावर घातली, आणि त्यांच्यातला एकजण सांगू लागला की याच साहेबांनी आमची पट्टी वाचवली, नाहीतर आम्ही आज नदीवर नसतो. लोक टाळ्या वाजवू लागले. मागच्या रांगेत आप्पा बसले होते, सत्तरी गाठलेले, काठी मांडीवर आडवी. तेही टाळ्या वाजवत होते. मी बघत राहिलो, कुठे तरी खोट सापडेल म्हणून, नऊ महिने बघितलं होतं तसं. सापडली नाही. माझ्या खांद्यावरची चादर पाहून त्यांना मनापासून आनंद झाला होता. मी भाषणाला उभा राहिलो, छिप्यांचे आभार मानले, साहेबांचे मानले, सहकाऱ्यांचे मानले. आप्पांचं नाव मी घेतलं नाही.